सहा महिन्यांची गाडी

मयंक घाटगेनं ती गाडी सहा महिन्यांसाठी घेतली होती.

तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. मकरपुऱ्याला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करायचा. बायको आकांक्षा अलकापुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती आणि मुलगी मोहना पाच वर्षांची. कॅनडाला कायमचं जाण्याचे कागद भरून झाले होते, इंग्रजीची परीक्षा दोघांनी दिली होती, आणि एजंट म्हणाला होता, फार तर सहा महिने. एवढ्यासाठी नवी गाडी घेण्यात अर्थ नव्हता. निजामपुऱ्यात त्यांच्या मागच्याच गल्लीत भास्करराव आंबेगावकर राहायचे. विद्यापीठाच्या कचेरीतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. ते आणि निरुपमाकाकू घर विकून ऑस्ट्रेलियाला मुलाकडे निघाले होते. त्यांची अकरा वर्षांची पांढरी अल्टो होती. मयंकनं दुपारी एक फेरी मारून पाहिली आणि संध्याकाळी ती घरी आणली. पैसे भास्कररावांनी नावालाच घेतले. नावावर करायचं राहून गेलं. भास्कररावांच्या घरी सामानाची बांधाबांध चालली होती, आणि मयंकला वाटलं, सहा महिन्यांत विकायचीच आहे, मध्ये आपलं नाव कशाला.

त्याला चार वर्षं होऊन गेली.

या चार वर्षांत घाटग्यांच्या घरात काही टिकाऊ आलं नाही. कपाट घ्यायचं ठरलं की मयंक म्हणायचा, नेता येणार आहे का ते? मोहना पुठ्ठ्याच्या खोक्यावर वही ठेवून अभ्यास करायची. घर भाड्याचं, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. कॅनडाकडून नकार येत नव्हता आणि बोलावणंही येत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी तिकडे गुणांची यादी लागायची आणि यांचे गुण थोडे कमी पडायचे. दर वाढदिवसाला वयाचे गुण घटत होते. वर्षातून एकदा अर्ज नव्यानं भरावा लागायचा. मयंक तो भरायचा आणि पुन्हा वाट बघायचा.

वाट बघणं त्याला मुळीच जमत नव्हतं. तो जेवताना उठायचा, टीव्ही बघताना उठायचा. गाडीत फोन मांडीवर असायचा आणि सिग्नल लाल असला तरी त्याचा पाय क्लचवर हलत राहायचा. गाडी इंचाइंचानं पुढे सरकायची. पुढची चाकं पांढऱ्या पट्ट्यावर, मग पट्ट्याच्या पलीकडे.

"कुठे चाललायस? लाल आहे अजून," आकांक्षा म्हणायची.

"उभाच आहे मी," तो म्हणायचा.

आणि गाडी? गाडीनं या चार वर्षांत एकदाही दगा दिला नाही. डिसेंबरच्या सकाळी पहिल्या सेल्फला चालू. मेच्या दुपारी एसी गार. एकदा क्लचप्लेट बदलली, एकदा बॅटरी, बाकी तेलपाणी. शेजारच्या सोसायटीतल्या नव्या, उंच गाड्या अधूनमधून टोइंगच्या दोरीला लागलेल्या दिसायच्या. ही रोज मकरपुऱ्याला जायची आणि परत यायची. छाणी जकातनाक्याजवळचा गॅरेजवाला बॉनेट लावताना म्हणायचा, "आ गाडी तमने नहीं छोडे, भाई." ही गाडी तुम्हाला सोडणार नाही, हे ऐकून मयंकला बरं वाटायचं नाही. कधी कधी सिग्नलला त्याच्या मनात यायचं, आता बंद पडावी ही इथेच, म्हणजे काहीतरी ठरवावं लागेल. ती पडत नव्हती.

ठरवायची वेळ आली ती वेगळ्याच कारणानं. गाडीला जूनच्या अठरा तारखेला पंधरा वर्षं पुरी होणार होती. त्यानंतर चालवायची तर आरटीओकडून पासिंग करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घ्यायची, नाहीतर भंगारात द्यायची. मेच्या पहिल्या आठवड्यात आकांक्षाला लॅबमधून घेऊन येताना मयंकनं हे सांगितलं आणि पुढे म्हणाला, "भंगारात देऊन टाकू. आता दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. तोवर स्कूटर आहे ने."

आकांक्षा खिडकीबाहेर बघत होती. "पासिंग करून घे," ती म्हणाली.

"पाच वर्षांचं? कशाला?"

"मिळतंच पाच वर्षांचं."

"आपण पाच वर्षं इथे असणार आहोत का?"

फतेगंजच्या पुलावर गाड्या अडल्या होत्या. मयंकनं पुढच्या रिक्षाला चिकटेपर्यंत गाडी नेली.

"मी लॅबमध्ये हो म्हणून सांगितलंय," आकांक्षा म्हणाली. "नव्या शाखेची जबाबदारी देतायत. तीन वर्षं सोडायचं नाही, असं लिहून घेतलं त्यांनी."

"कधी?"

"मार्चमध्ये."

"मार्चमध्ये. आणि मला आज सांगतेस?"

"मार्चमध्ये सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, पंधरा दिवस थांब. मी चार वर्षं पंधरा-पंधरा दिवस थांबतेय, मयंक." तिचा आवाज चढला नव्हता. "मोहना परवा शाळेत सांगून आली की ती पाचवीला इथे नसणार. चौथीच्या वेळीही तिनं तेच सांगितलं होतं. आता मुली हसतात."

त्या रात्री तो नीट झोपला नाही. सकाळी तिला काही न सांगता तो दरजीपुऱ्याला आरटीओत गेला. बाहेर टपरीवर बसलेल्या एजंटानं मोबाइलवर नंबर टाकून पाहिला.

"साहेब, गाडी तो हजी भास्करभाईना नामे छे. पहेलां तमारा नामे करावो, पछी पासिंग." म्हणजे आधी गाडी स्वतःच्या नावावर करायची, आणि त्यासाठी मूळ मालकाची सही लागेल, त्याच्या मोबाइलवर ओटीपी येईल, असंही त्यानं सांगितलं.

भास्करराव कुठे आहेत हे मयंकला ठाऊक होतं. ऑस्ट्रेलियाहून ते पाच महिन्यांतच परत आले होते आणि छाणीत एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहत होते. मध्ये एका लग्नात भेट झाली होती. तेव्हा मयंक घाईत होता. "काय काका, बरं ना?" एवढं बोलून तो जेवणाच्या रांगेकडे गेला होता.

रविवारी सकाळी तो छाणीला गेला. गाडी सोसायटीच्या फाटकातून आत घेतली तेव्हा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत भास्करराव उभे होते. मयंकनं हात केला. त्यांनीही केला, पण त्यांची नजर गाडीवर होती.

"इंजिनात टॅपेटचा आवाज यायला लागलाय थोडा," दार उघडताना ते म्हणाले. "ये. बस."

निरुपमाकाकू गुडघ्यांना पट्टे बांधून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी उठायचा प्रयत्न केला नाही. मयंकनं कागद टेबलावर ठेवले आणि भराभर सांगून टाकलं. पंधरा वर्षं, पासिंग, नाव बदलायचं, तीन ठिकाणी सही, एक ओटीपी. दहा मिनिटांचं काम.

भास्करराव ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तू ठेवतोयस गाडी."

"हो. म्हणजे, बघू. पासिंग तरी करून ठेवतो."

"बरं," ते म्हणाले, आणि चष्मा शोधायला लागले.

"मला बोलू द्या," काकू म्हणाल्या.

"निरू, कशाला आता."

"का नाही? तो सही मागायला आलाय, तर त्याला माहीत असावं." त्या मयंककडे वळल्या. "गाडी नेलीस तेव्हा जिन्यात काय म्हणाला होतास, आठवतं?"

मयंकला काही आठवेना.

"काका, आम्ही निघालो की गाडी तुमच्याच दारात आणून लावतो. माझा तिच्यावर हक्क नाही, सहा महिने वापरायला घेतलीय. असं म्हणाला होतास. आम्ही तेव्हा परत येणार नव्हतो, त्यामुळे ते हसण्यावारी गेलं. पण पाच महिन्यांत आलो परत. यांचा धाकटा भाऊ म्हणाला, जुनी एखादी गाडी बघून देतो. हे म्हणाले, नको, मयंक जाईलच दोन महिन्यांत, आपलीच येईल. दोन महिने, मग चार, मग वर्ष. खाली गाडीचा आवाज आला की हे गॅलरीत. आजही तसेच गेले."

"काका, मग फोन करायचा ना," मयंक म्हणाला.

"मी करणार होते," काकू म्हणाल्या. "यांनी करू दिला नाही. म्हणाले, गाडी कधी देतोस असं विचारणं म्हणजे तुझं अजून काही होत नाही का, असं विचारण्यासारखं. पोरगा आधीच हैराण आहे."

"मी हैराण आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

भास्कररावांनी फोन काढला. उजवा डोळा बारीक करून ते बराच वेळ पडदा सरकवत राहिले आणि मग फोन मयंकच्या हातात दिला. पडद्यावर पांढऱ्या अल्टोचा फोटो होता, वरून काढलेला. खाली तारीख, वेळ आणि चौकाचं नाव. गाडी लाल सिग्नलला पट्टा ओलांडून उभी होती. पुढचा फोटो दुसऱ्या चौकातला. तिथेही पट्ट्याच्या पुढे. असे सात फोटो होते. वाहतूक पोलिसांच्या कॅमेऱ्यांनी पाठवलेले दंडाचे ई-मेमो. गाडी भास्कररावांच्या नावावर, म्हणून मेमोही त्यांच्याच फोनवर आले होते.

मयंक ऑफिसात नेहमी सांगायचा की आपल्याला आजवर एकही मेमो आला नाही.

"भरलेत मी ते," भास्करराव म्हणाले. "त्याचं काही नाही. फोटोत गाडी बघायला मिळायची. डेंट नाही, बंपर जागेवर. म्हटलं, नीट ठेवलीय यानं. पण दर वेळी हात-दीडहात पुढे. साडेनऊला, साडेसहाला, रविवारीसुद्धा. एवढी कसली घाई आहे याला, असं वाटायचं."

मयंकनं फोन टेबलावर ठेवला. तो उठला, गॅलरीपर्यंत गेला, परत आला. मग त्यानं किल्ली कागदांवर ठेवली.

"गाडी तुमची आहे, काका. आजच ठेवून जातो. पासिंग तुमच्या नावानं करून देतो मी."

"दोन वर्षांपूर्वी आणली असतीस तर मी चालवली असती," भास्करराव म्हणाले. त्यात राग नव्हता. तब्येतीबद्दल सांगावं तसं ते सांगत होते. "काचबिंदू झालाय. डावा डोळा गेला गेल्या दिवाळीत. लायसन्स मी वाढवलंच नाही. आता ती इथे खाली उभी राहिली तर मला रोज बघवणार नाही. तू ने."

त्यांनी तीन ठिकाणी सावकाश सह्या केल्या. ओटीपी आला तो मयंकला वाचून दाखवायला सांगितला, कारण बारीक अंक त्यांना दिसत नव्हते.

मयंकला तिथून पटकन निघून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हते. "तुम्हाला कुठे जायचं असलं तर," तो म्हणाला, "मी नेईन. कधीही सांगा."

"नारेश्वरला," काकू लगेच म्हणाल्या. "पूर्वी दर महिन्याला दर्शनाला जायचो आम्ही. आता बसमध्ये चढता येत नाही मला. भाड्याची गाडी केली होती दोनदा, पण मला अर्ध्या-अर्ध्या तासानं उतरून पाय सरळ करावे लागतात, आणि तो ड्रायव्हर तोंड वाकडं करायचा. तुझ्यासारखाच होता, घाईचा."

"मी थांबेन."

काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "गुरुवार चालेल? रविवारी फार गर्दी असते."

घरी येऊन त्यानं आकांक्षाला सगळं सांगितलं. जिन्यातलं वाक्यही सांगितलं. "मीही होते त्या जिन्यात," ती म्हणाली. "मलाही आठवलं नाही."

गुरुवारी दोघांनी रजा टाकली. मोहनाला सुट्टीच होती. भास्करराव पुढे बसले, बाकी तिघी मागे. सकाळी सातलाच ऊन चढलं होतं. हायवेला लागेपर्यंत भास्करराव डोळे मिटून बसले होते आणि मयंकनं गिअर बदलला की त्यांच्या डाव्या पायाचा पंजा किंचित दाबला जायचा.

पहिल्या अर्ध्या तासाला काकू म्हणाल्या, "थांबव रे." मयंकनं एका कडुनिंबाखाली गाडी घेतली. आकांक्षाचा हात धरून काकू उतरल्या आणि रस्त्याच्या कडेनं वीस पावलं गेल्या, वीस पावलं आल्या. दहा मिनिटं लागली. मयंक बॉनेटला टेकून उभा राहिला, मग नाही राहवलं म्हणून टायर बघून आला, काच पुसली, फोन काढला, परत ठेवला. बाजूनं ट्रक धडधडत जात होते. आपण सोडून सगळं जग कुठेतरी पोचतंय, असं त्याला वाटत होतं.

"तुला उभं राहवत नाही," भास्करराव खिडकीतून म्हणाले.

"नाही राहवत."

"मलाही तिकडे बसवत नव्हतं. मुलाचं काही चुकलं नाही, सूनही चांगली. पण सकाळी उठलो की वाटायचं, आता निघायला हवं. कुठे, ते कळायचं नाही. इथे आलो तेव्हा वाटलं, आता थांबेल हे. तर इथे गाडीची वाट बघत बसलो." ते थोडं हसले. "मी तुला काही शिकवत नाहीये हं. झालं ते सांगतोय."

नारेश्वरला दर्शन झालं, प्रसादाचं जेवण झालं. काकू आणि भास्करराव सावलीत आडवे झाले आणि मोहना काकूंच्या पिशवीतल्या खजुराच्या बिया काढत बसली. मयंक आणि आकांक्षा घाटाच्या पायऱ्या उतरून गेले. नर्मदेचं पाणी खाली गेलं होतं, मध्ये वाळूचे पट्टे दिसत होते.

"पाच वर्षं म्हटलं की माझ्या छातीत धस्स होतं," मयंक म्हणाला. "वाटतं, सही केली की दार बंद."

"मला लॅबमध्ये सही करताना तसंच झालं. बाहेर येऊन मी दोन कप चहा प्याले."

तो दोन पायऱ्या खाली गेला, परत वर आला. "जूनअखेर अर्जाची मुदत संपते. या वेळी परत भरत नाही."

"नक्की?"

"नक्की नाही. पण भरत नाही."

ती हसली नाही, त्याचा हातही धरला नाही. "मग मी घरमालकांशी तीन वर्षांच्या कराराचं बोलते," ती म्हणाली. "उद्याच बोलते. नाहीतर तू बदलशील."

गाडी मयंकच्या नावावर व्हायला बारा दिवस लागले. पासिंगच्या दिवशी आरटीओच्या मैदानात पंधरा-वीस जुन्या गाड्या रांगेत होत्या. इन्स्पेक्टरनं चेसिस नंबर पाहिला, दिवे, वायपर, हॉर्न लावून बघितले, इंजिन चालू करायला सांगितलं आणि कान देऊन ऐकलं. "सारी राखी छे," छान ठेवलीय असं सांगून तो पुढच्या गाडीकडे गेला. मुदत पाच वर्षांनी वाढली.

तीस जूनला, अर्जाची मुदत संपत होती त्या संध्याकाळी, मयंक कारखान्यातून थेट घरी आला नाही. तो नुसताच गाडी चालवत राहिला. मकरपुऱ्याहून अकोटा, अकोट्याहून गोरवा, तिथून छाणीच्या पुढे हायवेपर्यंत. दोनदा त्यानं बाजूला थांबून फोन उघडला. सगळी माहिती भरलेली होती, एक बटण दाबायचं होतं. तिसऱ्या वेळी त्यानं आकांक्षाला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"असाच. फिरतोय."

"भरलास का?"

"नाही."

"मग ये घरी. कपाटाची मापं घ्यायला सुतार आलाय, तो खोळंबलाय."

तो गेला. सुतारानं विचारलेल्या प्रश्नांना त्यानं उभ्याउभ्याच उत्तरं दिली आणि तीन वेळा बाल्कनीत जाऊन आला.

जुलैत तो आंबेगावकरांना पुन्हा नारेश्वरला घेऊन निघाला. या वेळी तिघंच होते. पहाटे पाऊस पडून गेला होता आणि रस्ता ओला होता. हायवे सोडून आत वळल्यावर पुढे एक ट्रॅक्टर लागला. ट्रॉलीत खताच्या गोण्या आणि वर चार बायका बसलेल्या. वेग जेमतेम वीसचा. मयंकनं उजवीकडे डोकावून पाहिलं. रस्ता मोकळा होता, पण पुढे वळण होतं. त्याचा हात गिअरवर गेला.

"घाई आहे का?" भास्कररावांनी विचारलं.

"आहे ना," मयंक म्हणाला. "कसली ते माहीत नाही."

त्यानं तिसऱ्यातून दुसरा टाकला आणि ट्रॅक्टरच्या मागेच राहिला. ट्रॉलीवरची एक बाई त्याच्याकडे बघून बाजूच्या बाईला काहीतरी सांगत होती. मागच्या सीटवर काकूंना झोप लागली होती, म्हणून पहिल्या अर्ध्या तासाला थांबायचं राहून गेलं होतं. त्या जाग्या झाल्या की तो थांबणार होता.